चालताना ऐकायचे मध्यंतर

सकाळी सहाच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात गेल्यास आपल्या शहरातील चालणाऱ्यांचे दोन वर्ग सहज ओळखू येतात. पहिला वर्ग गप्पांचा. चार-पाच जणांची ओळ रस्ताभर पसरलेली असते, विषय मुलांच्या लग्नापासून महानगरपालिकेच्या पाण्यापर्यंत कुठेही जातो आणि पाऊल मात्र विषयाच्याच गतीने पडते. दुसरा वर्ग कानात इअरफोन घातलेल्यांचा. मोबाइलवरील एखादा परदेशी आवाज त्यांना वीस सेकंद जीव तोडून धावायला आणि दहा सेकंद थांबायला सांगत असतो. पहिल्या वर्गाचा व्यायाम तासभर चालूनही अपुरा राहतो, आणि दुसऱ्या वर्गात अलीकडे चाळिशी-पन्नाशीचे लोक कोणतीही तपासणी न करता शिरू लागले आहेत. सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला या दोन्ही गोष्टींची सारखीच काळजी वाटते.

या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणा मार्ग आहे. थोडा वेळ वेगाने चालावे, थोडा वेळ हळू चालावे आणि हे आलटून पालटून करावे. त्याला इंटरव्हल व्यायाम म्हणतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण प्रत्यक्ष रस्त्यावर ते पाळणे किती अवघड असते, हे मला माझ्या एका रुग्ण भगिनीने शिकवले.

गारखेडा भागातील या भगिनींचे वय ५४. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाबाची एक गोळी चालू, गुडघे अधूनमधून कुरकुरणारे. रोज न चुकता तासभर चालतात, तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा हटत नव्हता. मी त्यांना तीन मिनिटे वेगाने आणि तीन मिनिटे हळू, असे पाच वेळा करायला सांगितले. पंधरा दिवसांनी आल्या त्या वैतागूनच. ‘‘डॉक्टर, मी घड्याळ बघू का रस्ता बघू? चष्मा लावला तर घड्याळ दिसतं, पण पायाखालचं दिसत नाही. काढला तर रस्ता दिसतो, पण काटा दिसत नाही. आणि मनात मोजायला लागले की शेजारीण काहीतरी विचारते, आकडा निसटतो.’’ तक्रार अगदी रास्त होती. आपल्याकडच्या फुटपाथवर, जिथे दहा पावलांवर एखादी फरशी उखडलेली असते, तिथे खाली घड्याळाकडे बघत चालणे म्हणजे मनगटाच्या हाडाला आमंत्रण देणे होय. मग प्रश्न उरला तो एवढाच की वेळ डोळ्यांऐवजी कानांनी कशी मोजायची?

तसे पाहिले तर कानावर विसंबून व्यायाम करणे आपल्याला नवे नाही. लेझीम हलगीच्या ठेक्यावरच चालते. ठेका बदलला की हात बदलतो, कोणी घड्याळ पाहत नाही. आखाड्यात वस्तादांची मोजणी असते, शाळेच्या कवायतीत शिक्षकांची शिट्टी असते. सूर्यनमस्कारात प्रत्येक नमस्कारापूर्वी सूर्याचे एक नाव उच्चारले जाते. बारा नावे ही बारा नमस्कारांची मोजणी तर ठेवतातच. शिवाय ते नाव नीट उच्चारायचे तर श्वास जागेवर असावा लागतो. ज्याला धाप लागली आहे त्याला थांबावेच लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रसार केला. त्यांच्या पद्धतीवरचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ साली लंडनमधून निघाले. धार्मिक बाजू ज्याची त्याने ठरवावी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता, दोन नमस्कारांच्या मध्ये शब्दांचे एक छोटे मध्यंतर बसवणारी ही फार चतुर रचना आहे. जपानमध्ये तर १ नोव्हेंबर १९२८ पासून रेडिओवरून पियानोच्या साथीने व्यायामाच्या सूचना प्रसारित होऊ लागल्या. त्याची कल्पना अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमावरून घेतलेली होती. विमा कंपनीला आपले ग्राहक दीर्घायुषी व्हावेत असे वाटणे स्वाभाविकच म्हणायचे!

मध्यंतर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. नाट्यगृहात इंटरव्हल म्हणजे चहा-वड्याची सुट्टी, हे आपण सारे जाणतो. व्यायामातही या शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे. इंटरव्हल म्हणजे धावण्याचा टप्पा नव्हे. दोन टप्प्यांमधली विश्रांती होय. जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयविकारतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी या पद्धतीला शास्त्रीय रूप दिले. धावपटूची नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची आणि ती १२० पर्यंत उतरण्याची वाट पाहायची. दीड मिनिटात उतरली नाही तर धावणे जड झाले आहे असे समजायचे, हा त्यांचा दंडक होता. हृदय बळकट होते ते या उतरणीच्या काळात, असे त्यांचे मत होते. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार करून जो जागतिक विक्रम केला, तो पुढे सोळा वर्षे टिकला.

आपल्याला विक्रम करायचा नाही. पण विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे, ही त्यांची दृष्टी मात्र उचलायची आहे. मोबाइलवर मिळणाऱ्या तयार ध्वनिफितींमध्ये हीच बाजू लंगडी असते. वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद थांबा हे प्रमाण इझुमी ताबाता यांच्या १९९६ सालच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झाले. ते जपानच्या स्पीड स्केटिंग खेळाडूंच्या सरावातून आलेले आहे, आणि त्यातला जोर हा शब्दशः अखेरच्या ताकदीचा आहे. खुर्चीवर बसून बँकेत तीस वर्षे काढलेल्या गृहस्थांनी एखाद्या सोमवारी सकाळी ते एकाएकी सुरू करावे, यासारखा अविचार नाही. दहा सेकंदांत त्यांचा श्वास खाली बसत नाही. फीत मात्र त्यांची वाट पाहत नाही. तिला त्यांचे वय ठाऊक नाही, त्यांच्या गोळ्या ठाऊक नाहीत आणि गेल्या वर्षी त्यांच्या भावाला झटका आला होता हेही ठाऊक नाही.

याउलट प्रौढांसाठी आखलेली पद्धत जपानमधीलच मात्सुमोतो येथील शिनशू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. त्यांचा निबंध २००७ साली ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरासरी ६३ वर्षे वयाची २४६ माणसे, पाच महिने. एका गटाने मध्यम गतीने सलग चालायचे, रोज आठ हजार पावलांचे लक्ष्य ठेवायचे. दुसऱ्या गटाने तीन मिनिटे वेगाने व तीन मिनिटे हळू अशा पाच किंवा अधिक जोड्या, आठवड्यातून किमान चार दिवस करायच्या. वेगाने म्हणजे स्वतःच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ७० टक्के, आणि हळू म्हणजे सुमारे ४० टक्के. अखेरीस दुसऱ्या गटात गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंची ताकद १३ टक्क्यांनी व गुडघा वाकवणाऱ्या स्नायूंची १७ टक्क्यांनी वाढली, दमश्वास ८ ते ९ टक्क्यांनी वाढला आणि वरचा रक्तदाबही सलग चालणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला. त्या अभ्यासातला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. या मंडळींच्या कमरेला एक छोटे यंत्र होते आणि टप्पा बदलण्याची वेळ झाली की ते आवाज करून कळवत असे. वेळ मोजण्याचे काम त्यांच्यावर टाकलेलेच नव्हते.

मधुमेहींसाठी तर डेन्मार्कमधील २०१३ सालचा अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. टाइप २ मधुमेह असलेल्यांनी चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, तासभर चालायचे होते. आलटून पालटून चालणाऱ्यांची साखर, वजन आणि दमश्वास सुधारले. तेवढीच शक्ती खर्च करून एकाच गतीने चालणाऱ्यांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. अभ्यास लहान होता, अवघ्या बत्तीस जणांचा, हे सांगितलेच पाहिजे. पुढे तेथे मधुमेहींसाठी इंटरवॉक नावाचे अ‍ॅप निघाले, ते चालणाऱ्याच्या कानात सूचना देते.

तशी अ‍ॅप आपल्याकडेही उपलब्ध आहेत आणि ज्यांना ती वापरता येतात त्यांनी खुशाल वापरावीत. परंतु माझ्या अनुभवात पन्नाशीपुढच्या माणसाच्या दृष्टीने घरी बनवलेली फीत अधिक उपयोगी पडते. तिच्यात जाहिरात मध्येच उपटत नाही, इंटरनेट लागत नाही, जुन्या फोनवरही ती चालते, आणि मुख्य म्हणजे ती एका विशिष्ट माणसासाठी बेतलेली असते. शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या कपड्यासारखी.

आता ती कशी बनवायची ते सांगतो. सर्वांत साधा प्रकार म्हणजे भिंतीवरचे घड्याळ समोर ठेवायचे, फोनमधील ध्वनिमुद्रण सुरू करायचे आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेली सूचना बोलायची. चाळीस मिनिटे बसून राहण्याची तयारी हवी, एवढेच. गारखेड्याच्या त्या भगिनींसाठी त्यांच्या सूनबाईंनी स्वयंपाक करता करताच हे काम उरकले. ‘‘आई, आता वेग वाढवा’’, ‘‘आई, आता हळू’’ अशा सूचना आहेत, आणि तिसऱ्या वेगवान टप्प्यात कुकरची शिट्टीही मुद्रित झाली आहे. ती काढून टाका असे मी सुचवले, तेव्हा सासूबाईंनी साफ नकार दिला. ‘‘राहू द्या, शिट्टी झाली की अर्धं झालं हे मला समजतं.’’ पुढे एकदा त्या मिश्कीलपणे म्हणाल्या, ‘‘घरात मी तिला सूचना देते, बाहेर ती मला देते. हिशेब बरोबर.’’

वेळेचा आराखडा असा ठेवावा. पहिली पाच मिनिटे सावकाश चालणे. पाचव्या मिनिटाला वेग, आठव्याला हळू, अकराव्याला वेग, चौदाव्याला हळू, सतराव्याला वेग, विसाव्याला हळू, तेविसाव्याला वेग, सव्विसाव्याला हळू, एकोणतिसाव्याला वेग, बत्तिसाव्याला हळू. पस्तिसाव्या मिनिटापासून शेवटची पाच मिनिटे आणखी सावकाश, आणि चाळीसला थांबणे. ही शेवटची पाच मिनिटे गाळू नयेत. वेगाने चालताना पायांच्या स्नायूंत रक्ताचा ओघ वाढलेला असतो. एकदम थांबले तर ते तिथेच साचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ती अधिक येते.

ज्यांना आजवर चालण्याची सवयच नाही त्यांनी तीन मिनिटांच्या वेगाने सुरुवात करू नये. पहिले दोन आठवडे एक मिनिट वेगाने आणि तीन मिनिटे हळू, पाच वेळा. आधी-नंतरची पाच-पाच मिनिटे धरून ही फीत तीस मिनिटांची होते. पुढचे दोन आठवडे दोन मिनिटे वेगाने आणि तीन हळू, म्हणजे पस्तीस मिनिटे. त्यानंतर चाळीस मिनिटांची. अशा तीन फिती एकाच दिवशी बनवून ठेवाव्यात आणि त्यांना ‘चालणे पहिले’, ‘चालणे दुसरे’, ‘चालणे तिसरे’ अशी नावे द्यावीत. दुसरी जड गेली तर पुन्हा पहिलीवर यावे. त्यात कमीपणा कसला?

घरात संगणक हाताळणारे कोणी असेल तर काम आणखी नेटके होते. ऑडॅसिटी नावाची विनामूल्य संगणकप्रणाली आहे. तिच्या ‘जनरेट’ या यादीत ‘टोन’ आणि ‘सायलेन्स’ असे दोन पर्याय असतात. हव्या तितक्या सेकंदांची शांतता आणि हवा तसा सूर, दोन्ही त्यातून मिळतात. वेगाची सूचना, तीन मिनिटांत उरेल तेवढी शांतता, हळू चालण्याची सूचना, पुन्हा शांतता, असा सहा मिनिटांचा एक तुकडा अचूक बनवावा आणि तोच पाच वेळा जोडावा. दहावी-बारावीच्या मुलाला हे अर्ध्या तासात जमते. आजोबांसाठी नातवाने सुट्टीत करावे असे याहून चांगले काम मला सुचत नाही.

सूर निवडताना एक वैद्यकीय बाब ध्यानात ठेवावी. वय वाढते तशी उंच, टोकदार आवाज ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. तरुण मुलगा जो बारीक ‘टिंग’ पसंत करतो तो सत्तरीच्या आजोबांना रस्त्याच्या गोंगाटात ऐकूच जात नाही, आणि मग ‘आजोबा लक्ष देत नाहीत’ असा शेरा बसतो. पाचशे ते हजार हर्ट्‌झच्या दरम्यानचा, निदान अर्धा सेकंद टिकणारा सूर घ्यावा. वेगासाठी दोन सूर आणि हळू चालण्यासाठी एक लांब सूर असा फरक ठेवला की शब्द ऐकू आले नाहीत तरी गोंधळ होत नाही. टप्पा बदलण्यापूर्वी दहा सेकंद ‘‘आता बदल’’ अशी पूर्वसूचना असावी. गुडघे दुखणाऱ्यांना वेग एकदम वाढवणे सोसत नाही.

संगीताच्या जाणकारांसाठी एक गंमत. मिनिटाला सुमारे शंभर पावले ही प्रौढ माणसासाठी मध्यम श्रमाची, तर सुमारे एकशे तीस पावले ही जोरकस श्रमाची खूण मानली जाते. म्हणजे पावलांची लय तबल्याच्या मात्रांशी जुळवता येते. लेहरा आणि ठेका वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तीनताल लावा आणि लय सोळाच्या पटीत ठेवा. ९६च्या लयीत तीनतालाचे एक आवर्तन दहा सेकंदांचे होते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १८ आवर्तने. १२८च्या लयीत एक आवर्तन साडेसात सेकंदांचे, तीन मिनिटांत बरोबर २४. ज्यांना १२८ जड जाते त्यांच्यासाठी ११२, आवर्तने २१. कोणतीही लय घेतली तरी टप्पा समेवरच संपतो आणि दुसरा समेवरच सुरू होतो. हा हिशेब माझ्या एका तबलावादक रुग्णाने दवाखान्यातील प्रतीक्षेच्या बाकावर बसून मांडून दाखवला. गुडघेदुखीसाठी आलेला माणूस डॉक्टरला काही देऊन जातो, असे क्वचित घडते. हे आकडे प्रत्येकाला लागू पडतीलच असे मात्र नाही. उंच माणसाची पावले कमी पडतात, ठेंगण्या माणसाची जास्त. लय आपल्या पायाला विचारून ठरवावी.

आता या सर्वांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कोणतीही तयार फीत करत नाही. हळू चालण्याच्या प्रत्येक टप्प्याच्या अखेरच्या मिनिटात फितीने एक प्रश्न विचारावा. ‘‘आई, आज भाजी कोणती करायची?’’ ‘‘बाबा, काल सामन्यात काय झालं?’’ चालणाऱ्याने त्याचे उत्तर मोठ्याने, एका पूर्ण वाक्यात द्यायचे. वाक्य न अडखळता पूर्ण झाले तर शरीर पुढच्या वेगवान टप्प्याला तयार आहे. वाक्य मध्येच तुटले, श्वास घ्यावा लागला, तर पुढचा वेगवान टप्पा वगळून हळूच चालत राहायचे. वेगवान टप्प्यात दोन-चार शब्द बोलता यावेत, गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम योग्य. नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. त्याला कारण आहे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रम झाले तरी फारशी वाढत नाही, त्यामुळे २२० मधून वय वजा करण्याचे प्रसिद्ध सूत्र त्यांच्या बाबतीत चक्क फसवते. मनगटावरच्या यंत्रात आकडा कमी दिसतो आणि माणूस ‘अजून जोर लावता येईल’ असे समजतो. श्वास तसा फसवत नाही. एकट्याने बोलत चालणाऱ्याकडे लोक वळून पाहतात हे खरे. पण हल्ली इअरफोनवर अवघे जग एकटेच बोलत चाललेले असते, त्यात आपण खपून जातो.

फीत बनवण्यापूर्वी कोणी आपल्या डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, हेही स्पष्ट लिहितो. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांना चढ चढताना छातीत दडपण येते, ज्यांचा रक्तदाब गोळ्या घेऊनही १८०/११०च्या घरात जातो, ज्यांना मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाला आहे किंवा तळपायाची संवेदना गेली आहे, अशांनी आधी भेट घ्यावी, नंतर ध्वनिमुद्रण. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तरीही विचारावे. ‘‘माझा ईसीजी नॉर्मल आहे’’ हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल असणे आणि हृदय वेगाला तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज वाटल्यास ट्रेडमिलवरची तपासणी सांगितली जाते, ती याचसाठी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी पहिले काही दिवस निघण्यापूर्वी साखर तपासावी. १००च्या खाली असेल तर काही खाऊनच बाहेर पडावे आणि खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवावी. बिस्किटे साखर वाढवायला वेळ लावतात. घाम फुटणे, हात थरथरणे, उगाच चिडचिड होणे, यांपैकी काही झाले तर फीत कुठेही असो, साखर खाऊन बसावे. छाती, जबडा, डावा हात यांत दडपण किंवा जडपणा आला, गरगरले, तर तिथल्या तिथे थांबून मदत मागावी. ‘एवढा टप्पा पूर्ण करतो’ हा विचार करू नये. म्हणूनच सूनबाईंच्या त्या फितीत प्रत्येक वेगवान टप्प्याच्या सुरुवातीला एक वाक्य मी मुद्दाम घालायला लावले आहे : ‘‘छातीत काही वाटलं तर थांबा, मला फोन करा.’’ तयार फितीतला आवाज ‘हार मानू नका’ असे ओरडतो. आपल्या घरच्या माणसाने थांबायला सांगितलेले अधिक बरे.

फोन करता यावा म्हणून चालताना विमान-मोड लावू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनांचे आवाज तेवढे बंद करावेत, कारण ते टप्प्याच्या सुरांत मिसळतात. कोणाचा फोन आला आणि फीत थांबली तर पुढची सुरुवात हळू टप्प्यापासून करावी. दोन्ही कानांत इअरफोन घालून रस्त्यावर चालू नये, एकाच कानात घालावा किंवा फोन खिशात ठेवून स्पीकर चालू ठेवावा. जालना रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर तर हा प्रयोगच नको. विद्यापीठाचे आवार किंवा गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल यांसारखी मोकळी आणि सपाट जागा निवडावी. गोगाबाबा टेकडीवर जाणाऱ्यांना ही फीत उपयोगाची नाही. तिथे चढण हाच वेगवान टप्पा असतो, आणि चढणीला तीन मिनिटांचे बंधन ठाऊक नसते. तिथे वाक्याची कसोटी तेवढी वापरावी.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, सकाळी सातपूर्वीच चालणे संपवावे, आणि वेग एका पायरीने उतरवावा. तिसरी फीत वापरणाऱ्यांनी दुसरी वापरावी. पावसाळ्यात घसरड्या रस्त्यावर वेगवान टप्पा नकोच. त्या दिवसांसाठी घरातली फीत वेगळी बनवता येते. वेगाच्या टप्प्यात जागच्या जागी गुडघे उचलून चालणे, किंवा हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे. हळू टप्प्यात दिवाणखान्यात येरझाऱ्या. उठबस करायची असेल तर वेगाचा टप्पा तीन मिनिटांचा न ठेवता तीस सेकंदांचा ठेवावा आणि विश्रांती दीड मिनिटाची. अशा आठ जोड्या सोळा मिनिटांत होतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, चाकांची नसावी, आणि पायांत घसरणारे मोजे नसावेत. फितीतला प्रश्न इथेही विचारावा. उत्तर ऐकायला त्या वेळी घरातले कोणी समोर असेल, तर वाक्य कुठे तुटले ते त्यांनाच आधी कळेल.